एक पाकळी जास्त

बमरोलीला डिझाईनच्या ज्या दुकानात मी ट्रेसिंग करायचो, तिथे नवीन काही काढायला क्वचितच सांगत. बाजारात एखादी साडी चालली की आमचे गुजराती शेठ तिचा तुकडा आणून माझ्या काचेच्या टेबलावर टाकायचे. "फूल फेरवी नाख ने, भाई." म्हणजे फूल जरा फिरवायचं, एक पाकळी वाढवायची, डावीकडचं पान उजवीकडे न्यायचं. झाली आपली डिझाईन. मग काचेखालचा दिवा लावून एकेका रंगाची वेगळी फिल्म काढायची, लाल तेवढा एकीवर, हिरवा दुसरीवर. हे करता करता हाताला सवय लागली. आणि हाताची सवय हातापुरती राहत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी मी नट असे. वस्तीत बहुतेक घरं खानदेशातली, लूमवर नाहीतर मिलमध्ये काम करणारी. गणपतीत मंडळाचं नाटक व्हायचं. घरच्या बाया स्टेजवर जात नसत, म्हणून बाईचं काम माझ्या वाट्याला यायचं. मागचा पडदाही मीच रंगवायचो. मला बाईची चाल जमायची, पदर जमायचा. रडणं जमत नव्हतं. नाटक बसवणारे मास्तर लूमवर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. ते तंबाखू मळत म्हणायचे, "तू रडत नाहीस भो, रडल्याची बातमी देतोस." सगळे हसायचे. मीही हसायचो. मनात मात्र ते लागून राहायचं.

अशात एका वर्षी आमची मुलगी गेली. अडीच वर्षांची. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि तिथून ती परत आली नाही. तेव्हाही मला रडू आलं नव्हतं. वस्तीतल्या लोकांना वाटलं, गडी धीराचा आहे.

बायको घरी साड्यांवर टिकल्या लावायचं काम करायची. बोटांना गोंद असायचा, साडीला डाग पडला तर अख्खा नग आपल्या माथी. मुलगी गेल्यावर ती पुन्हा कामाला बसली. आणि पुष्कळ महिन्यांनी, एकदा दुपारी, साडीवरून नजर न काढता तिने मला सांगितलं. ताप चढायच्या दिवशी मुलगी तिच्याकडे हात वर करून आली होती, उचलून घे म्हणून. ही म्हणाली, "थांब वं माय, मना हात चिकट शेतस." मुलगी थांबली. साड्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन निजली. हिने साडी पुरी करून हात धुतले, तोवर अंग भाजत होतं.

हे सांगताना तिचे डोळे भरले आणि गोंदाच्या बोटांनी पुसता येईनात, म्हणून तिने खांदा वर करून गाल त्याला घासला. मग म्हणाली, "कोनले सांगू नका."

मी कोणाला सांगितलं नाही. पण खोटं कशाला लिहू, ती बोलत होती तेव्हाच माझं अर्धं लक्ष त्या खांद्याकडे होतं.

पुढच्या गणपतीत माझं काम होतं पुरात लेकरू गेलेल्या आईचं. शेवटच्या प्रवेशात मी कणीक मळत बसलेला, आणि मूल अजून आहे असा त्या आईला भास होतो. तिथे मास्तरांचं वाक्य होतं, ते मी म्हटलं नाही. मी कणकेची बोटं फाकवून हात वर धरले आणि म्हणालो, "थांब वं माय, मना हात चिकट शेतस." आणि खांदा वर करून गाल पुसला.

गोंदाच्या जागी कणीक घातली होती ना मी. एक पाकळी वाढवली होती. मला खरंच वाटलं, आता हे माझं झालं.

मांडवात बाया हुंदके द्यायला लागल्या. मला पहिल्यांदाच स्टेजवर रडू आलं, आणि त्या क्षणी मी सुखात होतो. मास्तरांनी आत आल्यावर पाठीवर हात ठेवला. घरी गेलो तर बायको भांडी लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तुमले सांगेल व्हतं. तुमले." बस, एवढंच.

विसर्जन होऊन थोडेच दिवस झाले आणि शहरात प्लेगची बातमी पसरली. जो तो तोंडाला रुमाल बांधून गावाकडे पळाला. आम्हीही बायकोच्या माहेरी गेलो. तिथे ओसरीवर एक पोरगी पाणी मागत होती, आणि तिची मावशी भाकरी थापता थापता म्हणाली, "थांब वं माय, मना हात चिकट शेतस." भोवतालच्या बाया हसल्या. वस्तीतली त्या गावची माणसं आमच्याआधी पोचली होती, नाटकातलं ते वाक्य त्यांनीच आणलं होतं. रडवणारं वाक्य पंधरवड्यात थट्टेचं झालं. मावशीला काही ठाऊक नव्हतं. बायको उठून विहिरीकडे गेली. तिच्यामागे जायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर मी नाटक सोडलं असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. सोडलं नाही. पुढच्या वर्षी मंडळाने तेच नाटक मागितलं, तेच वाक्य मागितलं, आणि मी ते म्हटलं. या खेपेला रडू आलं नाही. मी पुन्हा बातमी दिली. मांडवातल्या कोणाला फरक कळला नाही.

बायकोचं चित्र काढायचा नाद मला त्यानंतर लागला. बस म्हटलं की बसायची. पदर नीट, हात धुतलेले, चेहरा स्टुडिओत फोटो काढायला बसल्यासारखा. मी एकेक रंग वेगळा करून बघितला, कागदावर उतरायची ती कोणीतरी बाई. दुसऱ्या दिवशी तोच कागद उलटा करून मी त्यावर दुकानाची कामं करायचो.

पुढे चार-पाच वर्षांनी तिची आई वारली. मी दुकानातून आलो तेव्हा ती टिकल्या लावत होती. चहा दिला, भाजी काय करू विचारलं. बातमी मला शेजारणीकडून कळली, जिन्यात. सकाळीच निरोप आला होता म्हणे, आणि ही दुपारभर तिच्याकडे बसून रडली होती.

मी आत येऊन म्हणालो, "मला सांगायचं तरी."

तिने मान वर केली. शेठ दोन तुकडे शेजारी धरून बघायचे, कुठला मूळचा आणि कुठला उचललेला, तसं तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग "हात धुईसन येस," म्हणत ती उठून आत गेली. मोरीवर पाणी बराच वेळ वाहत राहिलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता, आणि तिने दोघांची ताटं घेतली.