माझ्या तक्त्यातल्या हिरव्या खुणा

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बी. ए., तेही पहिल्या वर्गात. हे मी कोणी न विचारता सांगते, ही माझी जुनी खोड आहे. चिखलीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक वृद्धाश्रम आहे, तिथं व्यवस्थापक म्हणून लागले त्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये उभी राहून मी सव्वीस म्हाताऱ्यांना माझं शिक्षण सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागून एक आजोबा म्हणाले, "बरं झालं बाप्पा. मंग आता चहा कवा भेटन?"

माझ्याआधी औषधांचं काम स्वयंपाकाच्या मावशींकडे होतं. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. प्रत्येकाच्या गोळ्या त्या रंगावरून आणि आकारावरून ओळखायच्या, पोळी वाढता वाढता द्यायच्या. हे पाहून मला धक्काच बसला. औषधासारखी गोष्ट, आणि ती कणकेच्या हातानं! पहिल्याच आठवड्यात मी कपाटाची किल्ली त्यांच्याकडून घेतली. मावशींनी दिलीसुद्धा हसत. "घ्या बाई, माह्या डोक्याचा ताप गेला."

मग मी तक्ता केला. तो तक्ता तुम्ही पाहायला हवा होता. डावीकडे नावं, वर तारखा, प्रत्येक तारखेखाली सकाळ-दुपार-संध्याकाळचे तीन चौकोन, सगळे पट्टीनं आखलेले. गोळी दिली की चौकोनात हिरव्या पेनानं बरोबरची खूण. माझ्या सगळ्या खुणा सारख्या, एकाच बाजूला कललेल्या, छापल्यासारख्या. आश्रम पाहायला कोणी आलं की मी आधी तक्ता दाखवायची, मग म्हातारी माणसं.

आता खरं सांगते. हॉलमध्ये नाश्त्याच्या वेळी फार गर्दी, ताटं, पोह्याचे तेलकट हात. तिथं खुणा करायला गेलं की कागदाला डाग पडायचे. म्हणून मी सकाळी ऑफिसात टेबलावर बसून दिवसभराच्या खुणा एकदमच करून टाकायची. मग गोळ्या वाट्यांमध्ये घालून हॉलमध्ये जायची, ज्याच्या त्याच्या ताटाशी वाटी ठेवायची, "आजी, घ्या बरं का," म्हणायची आणि पुढं. अख्खा हॉल वीस मिनिटांत. मावशींना तासभर लागायचा. हा फरकसुद्धा मी त्यांना एकदा बोलून दाखवला.

माझ्या वाट्यांनी हॉलमध्ये काय चालू केलं, ते मला दिसलं नाही. दिसायला हवं होतं, मी काही विलायतेत वाढलेली नाही. आमच्याकडं शेजारी बसलेल्याला दिल्याशिवाय कोणी तोंडात घास घालत नाही. कोणाचा लेक भेटायला आला आणि एक लाडू देऊन गेला, तर त्याचे चार तुकडे होतात. तीच माणसं, तीच पंगत, आणि पुढ्यात माझी वाटी. शिवाय वाटीला मान आला होता. "आज माह्या वाटीत नवी आली, पांढरी," असं एकमेकींना सांगणं चालायचं. ज्यांना औषध नाही त्यांच्यापुढं मी वाटी ठेवत नव्हते. अशी दोघंतिघंच होती. त्यातल्या एक सुलतानपूरच्या आजी. गुडघे सोडले तर ठणठणीत. त्या नाश्त्याला बसल्या की शेजारणीच्या वाटीकडं पाहत राहायच्या. मी समजायची, त्यांना चटणी हवी असेल.

शेजारीण म्हणजे उंद्रीच्या आजी. त्यांना साखरेचा आजार. वाटीत चार गोळ्या. हॉलमधली ती सगळ्यात श्रीमंत वाटी.

महिन्यातून एकदा डॉक्टर यायचे. त्या खेपेला त्यांनी उंद्रीच्या आजींची साखर तपासली, तर ती चढलेली. "गोळ्या वेळेवर घेतात ना?" त्यांनी विचारलं. मी नुसता तक्ता पुढं केला. महिनाभर हिरवंगार शेत. डॉक्टर म्हणाले, "छान ठेवलाय," आणि साखरेची गोळी बदलून मोठ्या डोसाची नवी दिली. ती संध्याकाळ मी हवेतच होते. घरी जेवताना बापाला सांगितलं, डॉक्टरांनी माझ्या कामाची तारीफ केली. बापानं विचारलं, "मंग म्हातारीची साखर काऊन वाढली?"

मी म्हटलं, "बाबा, ते तुम्हाला नाही कळायचं."

त्यानंतर आठ दिवसांनी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मावशींची हाक आली. सुलतानपूरच्या आजी स्वयंपाकघराबाहेर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या, त्या एका बाजूला कलंडल्या होत्या. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. मला पाहून त्यांनी विचारलं, "वन्सं, तुमी कवा आल्या?" मावशी साखर घालून पाणी ढवळत होत्या. मी काय केलं? मी पळत ऑफिसात गेले आणि तक्ता घेऊन आले.

डॉक्टरांना फोन लावला. मी म्हटलं, "सर, सुलतानपूरच्या आजींना कुठलंही औषध चालू नाही. तक्त्यात तसं स्पष्ट आहे."

"तक्ता बरा आहे हो. पेशंट कसा आहे?"

मशीनवर साखर पाहिली. चाळीसच्या घरात. डॉक्टरांचा आवाज बदलला. "शुद्धीवर आहेत, गिळता येतंय, तर साखरेचं पाणी चालू ठेवा आणि गाडी बोलवा. कोणाची तरी साखरेची गोळी गेली आहे पोटात. साखरपाण्यानं त्या आत्ता बऱ्या दिसतील, पण गोळीचा असर राहतो, तासाभरानं परत घसरतील. कोणती गोळी आणि किती, एवढं मला कळवा. लवकर."

गाडी यायला पंधरा मिनिटं होती. मी हॉलमध्ये गेले, मधोमध उभी राहिले आणि भाषण केलं. "कोणी आपली गोळी दुसऱ्याला दिली असल्यास प्रामाणिकपणे सांगावं. कोणावरही कारवाई होणार नाही." कारवाई हा शब्द ऐकल्याबरोबर सव्वीसच्या सव्वीस माना खाली. म्हणजे पंचवीस, सव्विसावी बाहेर बाकावर होती. एका आजोबांनी तेवढा हात वर केला. "मी तंबाखू देली होती. पण थे परवा."

मावशींनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. "बाई, भाषण नका करू. उंद्रीच्या बाईपाशी जाऊन बसा. थे मघापासून थरथर कापून राह्यली."

मी उंद्रीच्या आजींच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"आजी, तुम्ही दिली का त्यांना गोळी?"

आजींनी ती मूठ मांडीखाली सरकवली.

"आजी, त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मरन का वं थे?"

"किती दिली हे कळलं नाही तर डॉक्टरांनाही सांगता येणार नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सांगतलं त मले घरी धाडशीन. घरी कोनाले पायजे मी?" मग माझ्याकडं बोट करून, "तू एक सांग. मी गोळी गिळते का न्हाई, तुनं कवा पाह्यलं?"

मी म्हटलं, "नाही पाहिलं."

"मंग कागदावर हिरवं कसं काय करते?"

बी. ए. च्या तीन वर्षांत मला इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. "सकाळीच करून ठेवते," मी म्हटलं.

"गोळी द्याच्या आंधी?"

"हो."

"रोज?"

"रोज."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एकाच वावरात चोरीच्या शेंगा तोडताना दोघी जणी सापडाव्यात, तसं. "मंग त तुले बी धाडतीन."

"हो. धाडतील बहुतेक."

यावर त्यांची मूठ सैल झाली. "तिच्याफुडं कायीच नसते ना वं. माह्या वाटीत चार. मी एकटी कशी खाऊ? आंधी एखांद्या दिवशी मी आपली घेतच नव्हती, पदरात बांधून ठेवू. मंग थे नवी गोळी आली. म्हनलं ही ताकदीची दिसते, घे. काल ठेवली एक आन् आजची एक. दोन्ही देल्या. एकीनं काय होते?"

मी डॉक्टरांना फोन केला. नवी गोळी, दोन, नाश्त्याच्या वेळी, साडेआठला.

दवाखान्यात पोचेपर्यंत सुलतानपूरच्या आजी चांगल्या बोलायला लागल्या होत्या. आपण घरी जाऊ, डाळ तशीच पडली असेल, असं त्यांचं चाललं होतं. मला विचारलं असतं तर मी त्यांना घेऊन परत निघाले असते. दुपारी दोन वाजता त्या बोलता बोलता गप्प झाल्या आणि डोळे फिरवायला लागल्या. नर्स सलाईन जोडून तयारच होती, कारण किती गोळ्या गेल्या ते तिला माहीत होतं. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या हातात तेव्हाही तक्ता होता. तिथं तो कोणी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या आणि चहात साखर कमी आहे म्हणाल्या.

डॉक्टरांना बाकीचंही सांगावं लागलं. उंद्रीच्या आजींची साखर का चढली होती, हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे मी डोस वाढवला तो तुमच्या शाईवर," ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी जुना डोस पुन्हा लिहून दिला. संस्थेच्या लोकांनाही मी लिहून दिलं, सगळं, माझ्या नावानं. त्यांनी मला ठेवलं. उंद्रीच्या आजींना घरी पाठवण्याचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, मग आधी मी जाते. हे फार धीराचं वाटत असेल, पण ते खरंच जा म्हणतील याची मला भीती होती, कारण गावात सांगायला दुसरी नोकरी नव्हती.

आता वाट्या बंद आहेत. मी आणि मावशी दोघी मिळून एकेकापुढं जातो. मी पाकिटावरचं नाव आणि डोस वाचते, मावशी गोळी हातावर देतात, पाणी पिईस्तोवर आम्ही दोघी हलत नाही, आणि त्यानंतरच खूण. कोणी नको म्हटलं तर चौकोन रिकामा राहतो आणि खाली कारण. तक्त्याला पोह्याचे डाग पडले आहेत, खुणा वाकड्यातिकड्या आहेत. पाहुण्यांना तो मी दाखवत नाही. सगळं उरकायला सव्वा तास लागतो. मावशींना लागायचा त्याहून जास्त, आणि हेही त्यांनी मला एकदा बोलून दाखवलं.

परत आल्यावर सुलतानपूरच्या आजी तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्यासमोरून पुढं गेले तशी त्यांनी माझी ओढणी धरली. "माह्यापाशी काऊन थांबत न्हाई वं?" तेव्हापासून त्यांचंही नाव तक्त्यात आहे. त्यांच्यापुढं आम्ही थांबतो. मी नाव वाचते आणि सांगते, "औषध नाही."

"कायीच न्हाई?"

"काहीच नाही, आजी."

"नीट पाह्य."

मी नीट पाहते.