सहाव्या वर्षाची दाढ

माझे दात साठीच्या आतच गेले आणि त्याचा दोष मी दुसऱ्या कोणाला देऊ शकत नाही. लग्न होऊन करडीला आले तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गुडाखू घासायची सवय. तंबाखू आणि गुळाची ती काळी पेस्ट बोटावर घेऊन मागच्या दारी बसलं की डोकं हलकं व्हायचं, शेजारणींशी चार गोष्टीही व्हायच्या. हिरड्या सोलत गेल्या, दात हलायला लागले आणि एकेक करून हातात आले. जीभ मात्र शाबूत राहिली. घरात माझाच शब्द चालायचा, दात असतानाही आणि नसतानाही.

दिवाळीनंतर पुतण्याचं लग्न ठरलं आणि मला कवळी हवी झाली. पंगतीत सगळ्या बाया वडे खातील आणि मी वरणात भात कालवून गिळत बसेन, हे मला सहन होईना. मुलगा म्हणाला, "माय, या वयात कोन पायते तुयं तोंड?" मी त्याच्यावर अशी तडकले की दुसऱ्याच दिवशी त्यानं मला गाडीवर बसवून भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्याच वर्षी, पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत, तिसरीतली माझी नात दाढ दुखते म्हणून रडत होती, तेव्हा मात्र मी कोणाला गाडी काढू दिली नव्हती.

सून तेव्हा म्हणाली होती, "आई, हिले दवाखान्यात नेतो. दाढेत खड्डा दिसून राहिला." मी नुकती शेतातल्या बांधीतून आले होते, पाय चिखलानं भरलेले, रोवणीच्या बायांचा चहा व्हायचा होता. मी म्हणाले, "दुधाची दाढ हाय ते. पडनच ना आपल्या मनानं. त्याच्यापायी कोनी दवाखान्यात जाते काय?"

सून लाखांदूरकडची, मुळातच कमी बोलणारी. तरी ती चाचरत म्हणाली, "पन आई, हे पयली पडून नाही आली. मागं नवीनच निघाली होती." मी तिला म्हणाले, चार पोरं मी वाढवली, मला दात शिकवू नकोस. ती चहा ठेवायला गेली. नातीला मी मांडीवर घेतलं आणि माझ्या डबीतला गुडाखू बोटाच्या टोकावर घेऊन तिच्या दाढेत दाबला. आमच्याकडे दाढदुखीला सगळ्या म्हाताऱ्या हेच करतात. पोरीला जरा गरगरलं, ती थुंकली आणि झोपून गेली. मला वाटलं, मी जिंकले.

पुढे दाढ दुखली की ती आईकडे जायचीच नाही, माझ्याकडे यायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. "रडू नको, हे जाईन आन नवी येईन, पांढरीफेक," असं मी तिला दर वेळी सांगायचे. तिला ते पटायचं, कारण पुढचे दुधाचे दात तिचे तसेच आले होते. पडलेला दात आम्ही दोघी कोठ्याच्या छपरावर, कवेलूच्या कौलांवर फेकायचो आणि उंदराला सांगायचो, हा जुना घे, नवा पाठव. घर आमचं स्लॅबचं झालं, पण गुरांच्या कोठ्यावर अजून कवेलू आहेत, ते बरंच झालं असं मी तिला म्हणायचे.

धान चुरून-मळून झालं, घरात आलं आणि माझी कवळी तयार झाली. ती आणायला जाताना नात हट्टानं सोबत आली, तिला एसटीत खिडकीशी बसायचं होतं. दवाखान्यात गर्दी होती. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंड उघडेनासं झालेला एक तरणा माणूस डॉक्टरीणबाईंसमोर दोन बोटंसुद्धा आत घालू शकत नव्हता. दातांना तारा बसवलेली एक कॉलेजची मुलगी ओठ मिटून मोबाइल पाहत होती. माझा नंबर आला. कवळी बसली, आरशात पाहिलं तर मीच मला ओळखेना. गाल भरून आले होते. नात तेवढ्यात बाहेरून आत आली आणि खुर्चीशी उभी राहून म्हणाली, "आजी, तुले तर सारेच आले!" डॉक्टरीणबाई हसल्या आणि मग त्यांचं लक्ष तिच्या गालाकडे गेलं. डावा गाल सुजला होता. मी सकाळपासून तो पाहत होते, पण मला कवळीची घाई होती.

त्यांनी तिला माझ्याच जागेवर बसवलं. दिवा तोंडावर घेतला, बराच वेळ पाहिलं, एक छोटा एक्स-रे काढला. मी आपलं नवे दात जुळवत म्हणाले, "दुधाची हाय ना बाई ते? नवी येईन ना?"

"नाही हो आजी," त्या म्हणाल्या. "ही सहाव्या वर्षाची दाढ. कुठलाही दात न पडता सगळ्यात मागे उगवते, म्हणून लोकांना दुधाची वाटते. ही कायमची असते. हिच्या जागी दुसरी येत नाही." दाढ आतून पोखरली होती, मुळाशी पू झाला होता, हिरडीखालपर्यंत फुटली होती. काढण्यावाचून इलाज नव्हता. "पावसाळ्यात आणली असती तर सिमेंट भरून भागलं असतं," त्या सहज म्हणाल्या. मला वाटलं, खुर्चीखाली एखादी बांधी असती तर त्या चिखलात उतरले असते.

पाच दिवस औषध देऊन सूज उतरवली आणि दाढ काढायला सूनही आली. डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं पुन्हा समजावून सांगितलं. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं जरी असतं तरी मी सुटले असते. ती खाली पाहत पोरीचा हात धरून बसली.

घरी आल्यावर मुलगा तिच्यावर ओरडला, "आठ वर्साच्या पोरीची कायमची दाढ गेली! तुयं लक्ष रायते कुठं?" शेजारची बाई आली, तीही म्हणाली की आजकालच्या आयांना मोबाइलमधून सवड कुठं. मी तिथंच बसले होते, नवीन दात घालून. लग्नातही तेच झालं. कोणी माझ्या दातांचं कौतुक केलं, कोणी पोरीच्या आईला बोल लावले, आणि मी वडा चावत राहिले. तो चावलाही छान जात होता, त्याची लाज अजून वाटते.

दाढ नातीनं कापसात गुंडाळून आणली होती. ती तिनं मला न विचारता एकटीनंच कोठ्यावर फेकली. नंतर रोज शाळेतून आली की माझ्यासमोर तोंड उघडायची. "पाय ना आजी, आली का?" मी म्हणायचे, बघू, येईल. रोज म्हणायचे.

परवा अंगणात सून तांदूळ पाखडत होती. नात दप्तर टाकून आधी तिच्याकडेच गेली. "माय, माही दाढ काहून येऊन नाही राहिली?" सुपाचा आवाज थांबला. सून म्हणाली, "आजीले विचार." आवाजात राग नव्हता, तो असता तर मी भांडले असते.

नात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी म्हणाले, "बाई, ते नाही येनार. मले मालूम नव्हतं, आन तुया मायनं सांगतलं तं मी आयकलं नाही."

"पन तुले तं सारे आले!"

मी दातांशिवाय कोणासमोर जात नाही. रात्री कवळी काढायची तीही खोलीचं दार लावून. त्या दिवशी अंगणातच काढली आणि तळहातावर धरली. "हे आलेले नाहीत. इकत आनले." शब्द तोंडातून नीट निघत नव्हते. पोरीनं कवळीकडे पाहिलं, मग माझ्या आत गेलेल्या ओठांकडे. तिचा चेहरा उतरला. स्वतःच्या दाढेच्या जागी तिनं जीभ फिरवली, गालावरून ती दिसली.

मग ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "लाव आजी, लाव. मी नाही सांगत कोनाले."

इतके दिवस तिची आईही हेच करत होती. सुनेनं मान वर केली नव्हती, पण सूपही हलत नव्हतं. मी म्हणाले, "नाही बाई. आता सांगा लागते." तेवढ्यात मुलाची गाडी फाटकातून आत आली. मी त्याला हाक मारली. दात हातातच होते.