परत आणून दाखवा

आमच्या जन्मनोंदणी कार्यालयातला सर्व्हर बंद पडला, तेव्हा मी निर्धास्त होते. जन्माच्या नोंदी स्कॅन करून त्यांची दुसरी प्रत मी दर शुक्रवारी वेगळ्या डिस्कवर घेत असे. ती डिस्क जोडली. फोल्डर दिसत होते, पण एकही फाईल उघडेना. दोन वर्षांत मी ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. चूक माझीच होती.

त्याच आठवड्यात उत्तनहून एक कोळीण आली. मुलाच्या पासपोर्टसाठी तिला जन्मदाखला हवा होता. जुनी रजिस्टरं बांधणीला गेलेली, म्हणून मी तिला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, "बाय, आज न्हाय, उद्या न्हाय. माजा पोर जन्मलाच न्हाय काय?"

दुपारी मी बाइंडरच्या दुकानात गेले, गठ्ठे उपसून नोंद शोधली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात दाखला ठेवला.

मग नवीन स्टोरेज घ्यायचं ठरलं. तीन कंपन्यांची माणसं आली. सगळे वेग सांगत होते, जागा किती ते सांगत होते. मी म्हटलं, "एक फोल्डर पुसा आणि आत्ता परत आणून दाखवा."

"मॅडम, रिस्टोअर तो होता ही है," एकजण हसला.

"तो करके दिखाइए."

साहेब वैतागले. "कशाला अडवताय? वेळ जातोय."

"सर, खिडकीवर मी बसते," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण निविदेत ती अट घालू दिली: चाचणी झाल्याशिवाय स्वीकृती नाही.

यंत्र बसलं. बांधून आलेली रजिस्टरं पुन्हा स्कॅन करून त्यात भरली. एक प्रत आमच्या खोलीत, दुसरी वेगळ्या इमारतीत. चाचणीच्या दिवशी राई आणि चौक या दोन गावांचे फोल्डर पुसले. अर्ध्या तासात सगळं परत आलं, पण फाईलींना दिलेल्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

"डेटा आहे ना, नावं नंतर करू," इंजिनीयर म्हणाला.

"नावाशिवाय मी शोधू काय?" मी पेन खाली ठेवलं. साहेब आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मलाही झोप नीट लागत नव्हती. आपण उगाच ताणतोय का, असं वाटायचं. तरी स्वीकृतीच्या कागदावर सही केली नाही.

इंजिनीयर सेटिंग बदलून पुन्हा आला. पुन्हा पुसलं, पुन्हा आणलं. आमच्या रजिस्टर सांभाळणाऱ्या बाई मूळच्या रत्नागिरीच्या, कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यांनी चष्मा लावला, बांधून आलेलं रजिस्टर उघडलं आणि पडद्यावरचं एकेक नाव मोठ्यानं वाचून त्याच्याशी ताडून पाहिलं. इंजिनीयर घड्याळ बघत होता. दुपारचा चहा गार झाला. शेवटच्या नावापाशी बाई थांबल्या, काना-मात्रा तपासली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "करा आता सही."