काचेच्या नळीतला गाळ

खाणीतल्या बारीक गाळातून पाणी वेगळं करणाऱ्या टाक्या काका डिझाइन करायचे. आधी गाळ काचेच्या उंच नळीत ढवळून ठेवायचा, मग तो किती वेगाने खाली बसतो ते पाहायचं. कारखान्यातली जमीन हादरते, म्हणून नळी घरी, जेवणाच्या टेबलावर असे. पंखा बंद, चालणं मांजराच्या पावलांनी. या जाचाला कंटाळून काकू भावाकडे निघून गेल्या. काका त्यांची रोज वाट पाहत.

एका दुपारी मी तिथे असताना काकू बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या.

नळीवरची नजर न काढता काका म्हणाले, "आलीस? बरं झालं. दार तेवढं हळू लाव."

"सवत अजून टेबलावरच आहे वाटतं," काकू म्हणाल्या.

त्यांनी दार अगदी हळू लावलं, बाहेरून.

थोड्या वेळाने, नळीकडेच पाहत, काका म्हणाले, "चहा टाक गं."