खिडकीखालचं पोतं

"बरं झालं तुम्ही आलात," मॅडम म्हणाल्या आणि पायातली चप्पल काढून माझ्यापुढे धरली. "अंगठा तुटलाय. पाहुणे जमायच्या आत एक टाका घालता का?"

मी ठेवणीतली साडी नेसून प्रदर्शनाच्या रांगेत उभी होते. पुढे-मागे माणसं. सगळ्यांनी बघितलं. मॅडमचा राग मला नंतर आला, आधी माझ्या हाताचा आला. मला न विचारता तो पुढे गेला होता. चप्पल घेऊनच मागे आला.

चप्पल बघताच ओळखली. मॅडमनी ती आबांकडूनच घेतलेली. कोल्हापुरी चपलेवरची वेणी, म्हणजे कातड्याच्या बारीक पट्ट्यांची वीण, आमच्यात बायका घालतात. तळ कापायचा, ठोकायचा ते पुरुषांनी. बाजारात नाव त्यांचं. ह्या चपलेची वेणी माझी होती.

आबा म्हणजे माझे वडील. शिमग्यानंतर गेले. त्याआधी ह्याच मॅडम आमच्या घरी चित्रपट करायला आल्या होत्या. डोळ्यांवर जाड चष्मा चढवला की आपण त्या घरातच बसलोय असं वाटतं, तसला चित्रपट. मी खिडकीखाली माझ्या पोत्यावर बसून वेणी घालत होते. मॅडम म्हणाल्या, "ताई, जरा बाहेर थांबा. हा कॅमेरा चहूकडे बघतो. तुम्ही मध्ये याल."

माझ्याच घरात मी मध्ये येत होते! तरी उठले. शेजारणीच्या पडवीत भिंतीला कान लावून बसले. तिथून आबा ऐकू आले. "ह्यातली वेणी माझ्या लेकीची हाय. तिच्यासारखा हात साऱ्या गल्लीत न्हाय."

तोंडावर आबांनी मला कधी शाबास म्हटलं नाही. माझ्या फोनमध्ये त्यांचे फोटो आहेत, आवाज नाही. ह्या प्रदर्शनात तो चित्रपट दाखवत होते, त्यातलं ते एक वाक्य ऐकायला मी आले होते. दुसरं काही नको होतं.

माझी पाळी आली. फिरत्या खुर्चीत बसले, चप्पल मांडीवर. चष्मा चढवला आणि समोर आबा! हात लावावा इतके जवळ. हातात कातडं कापायची रापी. त्यांनी मान वर केली, ओठ हलले. आणि त्यावर मॅडमचा आवाज आला. "बापाकडून मुलाकडे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही कला..."

आबांना मुलगा नाही. मी एकटी.

खुर्ची फिरवली. खिडकी. खाली माझं पोतं. पट्ट्या भिजत घातलेली वाटी. अर्धी राहिलेली वेणी. सामान सगळं जागेवर, माणूस नाही. परत आबांकडे वळले तर अंधार. चित्रपट संपला होता.

मॅडमना गाठलं. "मॅडम, तुमचा आवाज काढून आबांचा तेवढा द्या. एकच वाक्य हाय."

"अहो, मूळ चित्रण असं देता येत नाही. आबांनी कागदावर सही केलीय ना."

"पाया पडतो तुमच्या. जन्मभर चपला शिवून देईन."

खरंच वाकले होते. त्यांचा एक पाय चपलेत, एक अनवाणी.

"आधी ही एक तर शिवा," त्या हसून म्हणाल्या. "मग बघू."

मग बघू! तेवढ्यावर मी दारातल्या पायरीवर जाऊन बसले. आरी-दोरा पिशवीत असतोच. आमच्या बायका घराची किल्ली विसरतील, आरी नाही. एक टाका घातला. दुसरा घालणार तोच आतून आलेल्या एका गृहस्थांनी बूट काढून माझ्यापुढे सरकवला. "याचीही शिवण गेलीय, बघा जरा." त्यांचे डोळे ओले होते. बायकोला सांगत होते, "अगं, अगदी त्यांच्यातलंच एक होऊन बसल्यासारखं वाटलं."

माझा हात थांबला. ह्या वेळी मीच थांबवला. घातलेला टाका उसवला आणि चप्पल मॅडमच्या हातात दिली.

"हे काय, तशीच?"

"ही वेणी माझी हाय. आबांनी सांगितलंय, आणि ते तुमच्याकडं हाय. आधी ते ऐकवा. मग टाका."

त्यांनी रखवालदाराला खूण केली. त्याने मला फाटकाबाहेर काढलं.

आवाज मिळाला नाही. कदाचित कधीच मिळणार नाही. पुसूनही टाकतील, आणि मग आबा सगळीकडे नुसते ओठ हलवत राहतील. 

प्रदर्शन अजून चार दिवस आहे. उद्या मी माझं पोतं घेऊन जाणार. फाटकासमोर अंथरणार आणि त्या दिवसापासून अर्धीच राहिलेली ती वेणी पुरी करत बसणार. कुणाचा बूट हातात घेणार नाही. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगणार, म्हातारा बोलायला लागला की त्याचे ओठ बघा, तो लेकीबद्दल सांगतोय. मग खुर्ची फिरवा आणि खिडकीखालचं पोतं बघा. तिथली लेक मी.

मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्ही मध्ये याल. येणार.