तुंगार्लीच्या मैदानावर चालवलेला चुंबक

पहिले दोन प्रसंग मला माझे वरिष्ठ सहकारी जोग यांनी सांगितले. एम.एस्सी. होऊन मी वलवणच्या प्रयोगशाळेत रुजू झालो, त्या पहिल्याच सोमवारी दुपारच्या चहाला. पुढच्या प्रसंगांना मी स्वतः हजर होतो. एका खोलीत चार माणसे आणि एक न सुटणारे गणित एकत्र ठेवले की किस्से आपोआप साठतात, असे माझे निरीक्षण आहे.

गणित जोगांच्या प्रबंधाचे होते. लोखंडी पट्टीसमोरून चुंबक सरकला, तर त्याचे क्षेत्र कसे बदलते? त्यासाठी सगळ्या जागेचे लहान लहान त्रिकोण पाडायचे, प्रत्येक कोपऱ्याचा आकडा कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचा. कॉम्प्युटर मुंबईला, त्याला भोके पाडलेली कार्डे न्यावी लागत. चुंबक जरा सरकला की त्रिकोण पुन्हा पाडायचे. हिशेबाचा आलेख प्रत्यक्ष मोजलेल्या आलेखाशी जुळला, तरच त्यांचे मार्गदर्शक लिमयेसर प्रबंधावर सही करणार होते. तो जुळत नव्हता.

एकदा जोगांनी चुंबक सरकवला, पण वाटेतले हवेचे त्रिकोण हलवायचे राहिले. उत्तर आले, की चुंबक लोखंडातून आरपार गेला असून पलीकडे स्वतःच स्वतःला ढकलतो आहे.

संचालकांनी विचारले, "म्हणजे विजेशिवाय मोटर चालेल?"

"कागदावर चालेल, सर."

संचालकांनी पेढे मागवले. चूक उघड झाली तेव्हा अर्धा पुडा संपला होता. उरलेला ते घरी घेऊन गेले.

त्याच सुमारास जोगांना तळेगावचे एक स्थळ आले. मुलीच्या वडिलांनी विचारले, "आपण नेमके करता काय?"

"त्रिकोण काढतो."

"आणि ते काढून झाले की?"

"चुंबक पुढे सरकतो. मग पुन्हा काढतो."

स्थळ फिरून आले नाही.

पुढे कॉम्प्युटर बंद पडला. "माणसे तर आहेत," लिमयेसर म्हणाले. शाळांना सुट्टी होती. तुंगार्लीच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने त्रिकोण आखून कोपऱ्याकोपऱ्यावर शिक्षक बसवले. शेजाऱ्यांच्या पाट्यांवरील आकड्यांची सरासरी काढायची, आपल्या पाटीवर लिहायची. आकडे बदलायचे थांबेपर्यंत हेच. आमचे शिपाई, टाकव्याचे धोंडूमामा, चुंबक झाले. एका हातात अधिक शंभर, दुसऱ्या हातात उणे शंभर.

"जोगसायेब, चुंबक मी हाय ना? मग समदी माज्याकडं पाठ करून का बसल्यात?"

"तुमच्या बाजूने ऊन येतंय, मामा."

लोखंडी पट्टीच्या जागी कुलकर्णीबाई आणि साठेबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. गेल्या स्नेहसंमेलनापासून दोघींचे बोलणे बंद होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

"बाई, शेजारचा आकडाही धरायचा असतो," जोग म्हणाले.

"कोणाचा?" कुलकर्णीबाईंनी विचारले.

"साठेबाईंचा."

"त्यांनी काही लिहिलंय का? मला तरी दिसलं नाही."

साठेबाई म्हणाल्या, "मामा, त्यांना सांगा, पाटी चांगली हातभर आहे."

"चुंबकानं बोल्लेलं चालतं का, सायेब?" मामांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होत्या. जोगांनी आहेत तेच आकडे उतरवून घेतले. प्रबंध गेला, असे ते परतताना दोनदा म्हणाले.

सकाळी त्या आकड्यांचा आलेख मोजलेल्या आलेखावर ठेवला. तो जुळला. मोजणीत मधोमध एक खळगा येई, जो कॉम्प्युटरला कधीच सापडला नव्हता. तोही त्याच जागी उतरला होता.

लिमयेसरांनी खळग्यावर बोट ठेवले. "इथे पट्टीला आतून तडा असला पाहिजे. तुम्ही तो गणितात कसा धरलात?"

"एक अट घातली, सर."

"कोणती?"

"त्या दोन कोपऱ्यांचा एकमेकांशी संबंध नाही."

सरांनी सही केली.

पट्टी पुढे भंगारात गेली. तिला खरोखर तडा होता की नाही, याची खात्री मला कधीच करता आली नाही.