भास्करची पॉइंट टू-टू

भास्करच्या बायकोचा, संगीताचा फोन आला तेव्हा मी सिडनीत, स्कोफिल्ड्समधल्या माझ्या घरामागचं गवत कापत होतो. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून ते बंद केलं, तेव्हा ती बहुधा दुसऱ्यांदा सांगत होती, "प्रशांत, भास्कर गेला... सकाळी बीचवर चालायला गेला होता, तिथेच कोसळला." मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकचा तो किनारा माझ्या ओळखीचा. मागच्याच डिसेंबरात आम्ही दोघं तिथे चाललो होतो. त्याला धाप लागत होती आणि मी त्याला पोटावरून चिडवत होतो. कापलेलं गवत बुटांना तसंच चिकटलेलं ठेवून मी सिडनीहून मेलबर्नचं विमान पकडलं. त्याला आता सात आठवडे झाले.

विमानं भरभरून आम्ही विद्यार्थी मेलबर्नला उतरत होतो, त्या वर्षांत भास्कर मला भेटला. डँडेनॉन्ग उपनगरात तीन खोल्यांच्या घरात आम्ही सात जण राहायचो. मी पुण्याचा, अकाउंटिंगला आलेला. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, ऑटोमोटिव्हच्या कोर्सला आलेला, आणि आठवड्यातले वीस तास जवळच्या ट्रेलरच्या कारखान्यात काम करणारा. त्याचे वडील बंदुकांच्या सरकारी कारखान्यात फिटर होते. घरातल्या बिघडलेल्या वस्तू त्याच्याकडे आपोआप जमायच्या. कोणाचा मिक्सर, कोणाची सायकल. तो ती वस्तू आधी नुसती बघत बसायचा. हात लावायला त्याला वेळ लागायचा.

कारखान्यातला फोरमन रॉन त्याला एका रविवारी आपल्या शूटिंग क्लबमध्ये घेऊन गेला, आणि हा वेडाच झाला. सेफ्टीचा कोर्स केला, पोलिसांचे अर्ज भरले, लायसन्स काढलं, परमिटसाठी महिनाभर थांबला आणि शेवटी दुकानातली सगळ्यात स्वस्त सेकंडहँड रायफल घेऊन आला. पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक गोळीची, दर बाराला हाताने बोल्ट मागे-पुढे ओढायची. सात जणांच्या भाड्याच्या घरात अशी वस्तू ठेवायला कायद्याने परवानगी मिळणार नव्हती, म्हणून ती रॉनच्या गॅरेजमधल्या लोखंडी कपाटात राहायची. रॉन त्याला सशांच्या शिकारीला बोलवायचा. भास्कर हसून मान हलवायचा. "मी बौद्ध आहे रे, प्रशांत," तो मला म्हणाला होता. "कागदावर नेम धरीन. जिवावर नाही."

रायफल मात्र भलतीच नाठाळ निघाली. तीन-चार गोळ्यांनंतर काडतूस आत अडकायचं. कधी चाप ओढला तरी बार उडायचाच नाही. आणि उडाला, तर गोळी कागदावर कुठे लागेल याचा नेम नाही. क्लबातले म्हातारे हसायचे. रॉन तर म्हणाला, "चक इट, मेट," फेकून दे ती. भास्करने ती टाकायला आणि परत करायलाही नकार दिला.

मला तेव्हा या सगळ्यात काडीचा रस नव्हता. तो रस पुढे कसा आला, ते सांगायला मला अजून जड जातं... त्या दिवसांत आपल्या पोरांना मारहाण झाल्याच्या बातम्या रोज कानावर यायच्या. एका संध्याकाळी शिफ्ट संपवून मी स्टेशनबाहेर पडलो आणि चौघांनी मला घेरलं. फोन नेला, बॅग नेली आणि मग उगीचच मारलं. जबड्याला सहा टाके पडले. मारण्यापेक्षा त्यांचं हसणं मला जास्त लागलं होतं. घरी आल्यावर सगळी पोरं पेटली होती. हिंदी, पंजाबी, मराठी, सगळ्या भाषांतल्या शिव्या देऊन झाल्या. मग मीच बोललो. टाक्यांमुळे तोंड नीट उघडत नव्हतं, तरी शब्द अगदी स्पष्ट आले. "भास्कर, तुझी रायफल आण. झाडायची नाही, नुसती दाखवायची."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, "नाही."

"तुला मारलं असतं तर?"

"तरी नाही."

"भेकड आहेस तू," मी म्हणालो. आणि त्याच्या आईवरून, वडिलांवरून आणखी काय काय बोललो, ते इथे लिहीत नाही. तो उठून बाहेर गेला. दुसऱ्याच दिवशी त्याने रायफलचा बोल्ट, ज्याच्याशिवाय ती झाडताच येत नाही, काढून रॉनच्या दुसऱ्या कपाटात, वेगळ्या किल्लीत ठेवायला दिला आणि रॉनला सांगितलं, "मी स्वतः मागितला तरी पंधरा दिवस देऊ नकोस." हे मला पुष्कळ वर्षांनी रॉनकडून कळलं. म्हणजे त्या संध्याकाळी त्यालाही स्वतःची खात्री नव्हती.

पुढचे दोन महिने आम्ही एका घरात राहून बोललो नाही. तरी माझ्यासाठी पातळ खिचडी रोज गॅसवर झाकून ठेवलेली असायची. कोण ठेवतं, हे मला ठाऊक होतं. मी खायचो आणि भांडं न धुता तसंच ठेवायचो.

मग एका रविवारी तो माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. "टॉर्च धरायला माणूस हवाय. येतोस?" मी का गेलो, मला माहीत नाही. स्टेशनच्या बाजूला जायला मला तेव्हा भीती वाटायची, आणि तो मला गाडीने नेणार होता, एवढंच असेल कदाचित.

रॉनच्या गॅरेजमध्ये त्याने रायफल उघडून टेबलावर पसरली होती. त्याने बोल्ट माझ्या हातात दिला. आतलं जुनं ग्रीस सुकून गोंदासारखं झालं होतं, त्यात काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन अडखळत होती. ते रॉकेलसारख्या कशाने तरी विरघळवायला दुपार गेली. पुढच्या रविवारी मॅगझिन, गोळ्या भरायची डबी. त्याची पत्र्याची कड केसभर वाकलेली होती. तो ती वाकवायचा, लाकडी खोटं काडतूस सरकवून बघायचा, पुन्हा वाकवायचा. तिसऱ्या रविवारी त्याने कागदाची एक पट्टी नळी आणि लाकडी दस्त्याच्या मधून ओढली. ती अर्ध्यात अडकली. "हे बघ," तो म्हणाला, "इथे लाकूड नळीला टेकतंय. नळी तापली की ढकलली जाते, म्हणून नेम फिरतो. नळीचा काही दोष नाही." मग सँडपेपर माझ्या हातात दिला. मी घासत बसलो. घासता घासता मला रडू फुटलं. तो टॉर्च धरून उभा राहिला. रॉनने आत डोकावून विचारलं, "यू राइट, मेट?" तर भास्करनेच उत्तर दिलं, "ही इज ऑलराइट."

पाचव्या रविवारी आम्ही ती क्लबात नेली. पाहुणा म्हणून मलाही नेम धरू दिला. मी लगेच चापाकडे बोट नेलं. "थांब," भास्कर म्हणाला, "हात स्थिर झाल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. कितीही वेळ लागू दे." खरंच पुष्कळ वेळ लागला. शेवटी पाच गोळ्या गेल्या, एकही अडकली नाही, आणि पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली जातील एवढ्यात होती. त्याने घेतलेल्या पाच तर एका नाण्याखाली. त्या दिवशी परतताना गाडीत मी त्याची माफी मागितली. "खिचडीचं भांडं तेवढं धूत जा," तो म्हणाला.

पुढे त्याला इथे कायम राहायचं पीआर मिळालं, संगीताशी लग्न झालं, पॉइंट कुकला घर झालं, आणि रायफल भिंतीत ठोकलेल्या स्वतःच्या कपाटात आली. एकदा त्याचे वडील, ज्यांना मी काका म्हणायचो, तीन महिन्यांसाठी आले होते. पस्तीस वर्षं त्यांनी रायफलींचे भाग जुळवले, पण एकदाही चाप ओढला नव्हता. गोळी झाडून तपासायचं काम वेगळ्या माणसांचं. भास्करने त्यांना क्लबात नेऊन बाकावर बसवलं. काकांनी आधी नळी आणि दस्त्यामधल्या फटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कोणी घासलं?" भास्करने माझ्याकडे बोट दाखवलं. "बरं घासलंय," ते म्हणाले. मग एक गोळी झाडली. एकच. दुसरी नको म्हणाले.

अंत्यसंस्काराला त्रिसरण, पंचशील झालं. काकांना या वयात प्रवास झेपणार नव्हता. त्यांनी सगळं फोनवर पाहिलं, पण रडले नाहीत. नंतर रायफलचा प्रश्न आला. घरात लायसन्स कोणाकडेच उरलं नव्हतं. पोलिसांना कळवल्यावर संगीताने ती क्लबला द्यायचं ठरवलं, नव्या लोकांना शिकण्यासाठी. क्लबचे सेक्रेटरी ती घेऊन गेले, आणि कागदावर सह्या करायला मी पुन्हा सिडनीहून येऊन संगीताबरोबर क्लबात गेलो.

तिथे असताना काकांचा फोन आला. "ती द्यायच्या आधी साफ केलीत का?"

केली नव्हती. सेक्रेटरींनी तिथेच साफ करायला परवानगी दिली, तेल आणि फडकं आणून दिलं. मी फोन स्पीकरवर ठेवला. काका तिकडून सांगत गेले. बोल्ट काढ. नळीतून फडकं एकाच दिशेने ने, उलटं ओढू नकोस. तेल थोडं, अगदी थोडं. बोटाने बघ, चिकट लागतंय का. त्यांचा आवाज कारखान्यातल्यासारखा होता, कोरडा आणि पक्का. संगीता शेजारी उभी राहून बघत होती. मी बोल्ट परत बसवला.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं, काका."

मला वाटलं फोन कट झाला. मग पलीकडून त्यांचा श्वास ऐकू आला... आणि सात आठवड्यांत पहिल्यांदाच ते मोठ्याने रडले. मी रायफलवरचा हात काढला नाही. सेक्रेटरी टोपी काढून उभे होते. काकांचं रडणं थांबेपर्यंत कोणीच सही केली नाही.